घोरपडीला ऊर्ध्व लागतो

घोरपड चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा आमच्या घरात एका माणसाला मनातून बरं वाटलं. ते म्हणजे आमचे हे. त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. पेपर तोंडासमोर धरला, आणि मग पेपर हलायला लागला.

घोरपड म्हणजे माझी गाडी. डोंगरात चढणारी, चारही चाकांना जोर असलेली, खरखरीत हिरव्या रंगाची. एका लाकूड-ठेकेदाराकडून ती माझ्याकडे आली, ती अंगावर ओरखडे घेऊनच. शहराबाहेरच्या टेकडीवर माझी रोपवाटिका आहे आणि डांबरी रस्ता तिला ओळख दाखवत नाही, अलीकडच्या वळणावरच संपतो. पुढे दगड, धूळ आणि एक ओढा. घोरपड हे सगळं पोटाखाली घालून वर जायची. मी पन्नाशीच्या आसपास गाडी शिकले ती हिच्यावरच, त्यामुळे इतर कुठल्याही गाडीत बसले की मला खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.

ह्यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. त्यांच्या मनात एक छोटी पांढरी गाडी होती, मागे घेताना स्वतःच शिट्टी वाजवणारी. "अगं, आता वयाला शोभेल असं काहीतरी चालव," ते म्हणायचे. "आणि ते ओढ्याचं पाणी!" आता घोरपडीला धाप लागल्यावर त्यांनी तहाची अट घातली. "एक तर हिचा दम बरा कर, नाहीतर विकून टाक." छोटी पांढरी गाडी त्या वळणापर्यंतच जाणार, म्हणजे रोपवाटिका बंद. हे वाक्य आमच्यात कुणीच उच्चारलं नाही. पण सकाळच्या चहाला ते आमच्या मधल्या खुर्चीवर येऊन बसायचं.

मी घोरपड उस्तादाकडे नेली. आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या ह्या उस्तादाकडेच जातात, कारण त्याच्या दुकानासमोरच्या खड्ड्यात त्या बंद पडतात. त्याने बॉनेट उघडलं नाही. डोळे मिटून, मान तिरकी करून, गाणं ऐकावं तसा तो इंजिन ऐकत उभा राहिला.

"अहो, उघडून तरी बघा," मी म्हणाले.

"ताई, उघडून बघतात ते शिकाऊ. मला आवाजावरून कळतं. हिला हवा कमी पडतेय. खालची, धुळीची हवा खाऊन छाती भरलीय हिची. हिला वरची हवा पाहिजे."

मग त्याने भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. इंजिनापासून निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत जाणारी काळी जाड नळी, वर तिला टोपीसारखं तोंड. हवा म्हणे आता तिथून घ्यायची. वर धूळ नाही, पाणी नाही, कटकट नाही. चित्रातली गाडी गळ्यापर्यंत नदीत बुडाली होती आणि चालवणारा हसत होता. मला ती कल्पना एकदम पटली. संसारात इतकी वर्षं काढून मला स्वतःला कुणी वरची हवा देऊ केली नव्हती, निदान गाडीला तरी मिळावी.

"पण विचार करून ठरवा हं," उस्ताद म्हणाला. "पत्र्याला मोठं भोक पाडावं लागतं. एकदा पाडलं की पाडलं."

ह्या भोकामुळेच मी सल्ला घ्यायचं ठरवलं. म्हणजे मी फक्त जिन्यात एका माणसाशी बोलले. पुढचं इमारतीने ठरवलं.

तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तोंड वर करून ठेवल्यावर पावसाचं पाणी आत नाही का जाणार?" मी म्हणाले, तोंड पुढच्या बाजूला असतं. "मग समोरचे किडे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येत नाही म्हणून माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरचे व्यायामवाले म्हणाले, "वहिनी, आधी मला सांगा, ती नाकाने श्वास घेते की तोंडाने?"

"भाऊ, गाडी आहे ती."

"तेच म्हणतोय मी. नव्वद टक्के लोकांचं तिथेच चुकतं. तिला रोज सकाळी रिकाम्या पोटी चालू करा. सावकाश रेस वाढवा, सावकाश सोडा. नळीबिळी काही लागत नाही."

मी ते करून पाहिलं, हे मी इथे लिहिणार नव्हते. रिकाम्या पोटी म्हणजे टाकी रिकामी ठेवून, असा मी अर्थ घेतला. गाडी दुसऱ्या चौकात बंद पडली आणि दूधवाल्याने ती ढकलत आणली. हे गॅलरीत उभे होते. त्यांनी दूधवाल्याला इतक्या प्रेमाने हात केला, की त्यांचं काय म्हणणं आहे ते सगळ्या गल्लीला कळलं.

त्या हातामुळे माझा निश्चय झाला. नळी बसवायची.

"परवानगी काढली का?" उस्तादाने विचारलं. नळी बसवल्याने म्हणे गाडीचा बाह्य आकार बदलतो, आणि सरकारला गाड्यांच्या आकाराबद्दल फार हळवेपणा आहे.

वाहन कार्यालयाच्या खिडकीत एक गृहस्थ होते. काच धुरकट होती आणि खालच्या अर्धगोल भोकातून त्यांचा फक्त हात आणि आवाज बाहेर यायचा. माझा अर्ज आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"यात परका शब्द आहे."

"कुठला?"

"हा. स्नॉर्कल. अर्जात परके शब्द चालत नाहीत. वर नोटीस लावलीय, बघा."

वर खरंच नोटीस लावली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘नोटीस’ असं लिहिलं होतं.

"मग ह्याला आपल्या भाषेत काय म्हणायचं?"

"ते अर्जदाराने शोधायचं असतं," हात म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावू लागला.

आमच्या समोरच्या दारात पर्यायकाका राहतात. परक्या शब्दांना आपले प्रतिशब्द काढणाऱ्या एका खात्यात त्यांची हयात गेली. ते निवृत्त झाले पण शब्द झाले नाहीत. लिफ्टला ते ‘उद्वाहक’ म्हणतात, आणि ती बंद असली की ‘अनुद्वाहक’. मी हकिकत सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फार दिवसांत त्यांच्याकडे कुणी शब्द मागायला आलं नव्हतं.

"उस्ताद त्याला सोंड म्हणतो," मी सुचवलं.

"सोंड हा अवयव आहे, वहिनी. यंत्रभाग नव्हे."

"मग नुसतं नळी लिहू?"

"नळी तर तुमच्या शेगडीलाही आहे! शब्दाला आब पाहिजे." ते खोलीत फेऱ्या मारू लागले. काकूंनी दोनदा चहा गरम केला. शेवटी ते खिडकीपाशी थांबले, वळले आणि हात वर करून म्हणाले, "ऊर्ध्व... श्वासिका!"

माझ्या अंगावर काटा आला.

"ऊर्ध्व म्हणजे वर. श्वासिका म्हणजे श्वास घेणारी. वरून श्वास घेणारी ती ऊर्ध्वश्वासिका. लिहा."

आतून काकू काहीतरी म्हणाल्या. "अहो, पण ऊर्ध्व म्हणजे ते..." पण काकांनी त्यांना हाताने थांबवलं, आणि मलाही त्या क्षणी कुणी थांबवू नये असं वाटत होतं. मी घरी येऊन सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. ‘माझ्या वाहनास चढावर श्वसनाचा त्रास होत असून त्यास ऊर्ध्वश्वासिका लागणे आवश्यक झाले आहे. तरी पुढील कार्यवाही व्हावी ही विनंती.’ खिडकीतल्या हाताने अर्ज घेतला, वाचला, त्याच्या दुमडलेल्या कडा सरळ केल्या आणि हलक्या आवाजात म्हणाला, "होईल हं, बाई. आम्ही करू सगळं." सरकारी माणूस इतका मायेने बोलू शकतो हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

उत्तर आलं ते ह्यांच्या हातात पडलं. ते त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"आपले वाहन अखेरच्या अवस्थेत असल्याचे आपण स्वतः कळविल्यावरून, ते मोडीत काढण्यास मंजुरी देण्यात येत आहे. वाहन कार्यालयाच्या आवारात जमा करावे."

मला वाटलं हे आता हसतील. पण त्यांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मंजुरी एवढ्या लवकर येईल असं त्यांनाही वाटलं नसावं.

मी धावत खिडकीवर गेले.

"बाई, तुम्हीच लिहिलंय," हात म्हणाला. "श्वसनाचा त्रास. ऊर्ध्व लागणे. पुढील कार्यवाही. माझ्या आजोबांना ऊर्ध्व लागला होता, संध्याकाळपर्यंत गेले. मला अर्ज वाचून वाईट वाटलं म्हणून मी तो सगळ्यात वर ठेवला."

"अहो, ऊर्ध्व लागला नाही! ऊर्ध्वश्वासिका लागणार आहे!"

"तेच."

"नळी आहे ती! वर जाणारी!"

"आजोबांनाही नळ्या लावल्या होत्या," तो सुस्कारा सोडून म्हणाला.

मी त्याला चित्र दाखवलं. ते त्याला पटलंही. पण फाइल मोडीच्या विभागात गेली होती, आणि तिथून परत आलेली वस्तू त्याने नोकरीत कधी पाहिली नव्हती. एकच मार्ग होता. आवारात चाचणीचा चढ आहे, त्यावर साहेबांसमोर गाडी चढवून दाखवायची. वर जाऊन उभी राहिली तर ती हयात. नाही चढली तर तिथल्या तिथे नंबराची पाटी काढून घेणार.

म्हणजे जी गाडी चढावर धापा टाकते म्हणून मी अर्ज केला, तिने धाप लागत नाही हे चढावरच सिद्ध करायचं होतं. पर्यायकाकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "शब्द निर्दोष आहे. वाचक सदोष आहे," आणि ‘समुच्छ्वासिनी’ हा दुसरा शब्द द्यायला लागले. मी दार लावून घेतलं. उस्तादाला विचारलं, तर परवानगी नसताना तो भोक पाडायला तयार नव्हता, आणि बॉनेट उघडायला तो कधीच तयार नव्हता.

चाचणीच्या दिवशी मी निघाले तेव्हा हे आधीच घोरपडीत बसले होते. गाडी माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मांडीवर कागदांची पिशवी, पट्टा घट्ट आवळलेला.

"तुम्ही कशाला?"

"कागद धरायला कुणीतरी नको?"

आवारात मोडीत निघालेल्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. पाट्या काढलेल्या, दिवे काढलेले. समोरून बघितलं की दात काढलेल्या माणसांसारख्या दिसायच्या. चढ सिमेंटचा होता, आमच्या टेकडीच्या मानाने काहीच नाही. पण घोरपडीची अलीकडची तब्येत मला माहीत होती. साहेबांनी गळ्यातली शिट्टी वाजवली. एक माणूस पाना-पक्कड घेऊन माझ्या नंबराच्या पाटीपाशी येऊन उभा राहिला. घाई नव्हती त्याला, नुसता उभा होता. न्हाव्याच्या दुकानात आपली पाळी येण्याआधीच टॉवेल झटकतात ना, तसा.

मी पहिला गिअर टाकला. घोरपड चढाला लागली, अर्ध्यावर खोकली, काळा धूर सोडला आणि घरंगळत खाली आली.

"आणखी एकदा," साहेब म्हणाले. "मग पाटी."

मी पुन्हा गिअर टाकला. टेकडीवर शेडमध्ये नुकतीच रुजलेली रोपं होती, त्यांना उद्या पाणी कोण घालणार हा हिशोब डोक्यात नको तेव्हा सुरू झाला. मी क्लच सोडणार एवढ्यात शेजारचं दार उघडलं. हे उतरले.

मला वाटलं, बघवत नाही म्हणून चालले. राग आला, आणि रागाआड थोडं रडूही. पण ते गाडीच्या पुढे गेले. बॉनेट उचललं. कुठला खटका दाबायचा हे त्यांना न शोधता सापडलं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. बॉनेटमागे ते दिसेनासे झाले. रबर तुटल्याचा आवाज आला. मग त्यांचा हात वर आला आणि हातात एक काळंकुट्ट, चिकट फडकं होतं.

साहेब जवळ आले. "हे काय आहे?"

"बनियन."

"कुणाचं?"

पक्कडवालाही पुढे सरकला.

"माझं," हे म्हणाले.

मी खाली उतरले. ते माझ्याकडे न बघता इंजिनाशी बोलत होते. "धूळ आत जाऊ नये म्हणून हवेच्या तोंडावर बांधलं होतं. चांगल्यासाठीच. मग तिला धाप लागायला लागली. तेव्हा म्हटलं... असू दे."

"असू दे?"

"तू त्या ओढ्याच्या पाण्यातून एकटी जातेस." मग जरा थांबून, "विकली जाईल असं वाटलं होतं. ह्या रांगेत उभी राहील असं नव्हतं वाटलं."

बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. आजही आहे, सवडीने बोलते. पण तेव्हा साहेब घड्याळ बघत होते. मी आत बसले, गिअर टाकला, आणि घोरपड एक मोकळी डरकाळी फोडून अशी वर गेली की वरच्या टोकाला मलाच ब्रेक दाबताना उशीर झाला. मी हॉर्न वाजवला. त्याची गरज नव्हती. म्हणूनच दोनदा वाजवला.

साहेबांनी गाडी हयात असल्याची सही केली. आता फक्त मूळ अर्ज मागे घ्यायचा होता, कारण देऊन. मी लिहिलं, "नवऱ्याचं बनियन काढल्यामुळे."

"बनियन शब्द परका आहे का?" हाताने आतल्या कुणाला तरी विचारलं. आत मतभेद झाले. शेवटी त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली, आणि नियमाप्रमाणे अर्जदाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवली. काचेच्या भोकातून येणारा तो आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका स्पष्ट होता.

"पतीचे अंतर्वस्त्र वेळीच काढल्याने अर्जदारास मोकळा श्वास घेता येऊ लागला असून आता ऊर्ध्व लागण्याची शक्यता उरलेली नाही. बरोबर?"

मागची रांग एक पाऊल पुढे सरकली. ह्यांनी कागदांची पिशवी तोंडासमोर धरली.

"बरोबर," मी म्हणाले आणि सही केली.

तिथून मी गाडी घराकडे वळवली नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं, पण ते विचारण्याच्या परिस्थितीत नव्हते. डांबर संपलं तेव्हा त्यांनी दाराचं हँडल धरलं. दगड सुरू झाले तेव्हा दुसऱ्या हाताने माझी बाही धरली. ओढ्याच्या काठावर मी थांबले.

पाण्यात एक कावळा उभा होता. पाणी त्याच्या पोटाला लागत नव्हतं.

"हे ते पाणी?"

"हेच."

ते बराच वेळ कावळ्याकडे बघत राहिले. "पावसाळ्यात वाढत असेल."

"वाढतं. तेव्हा मी पुलावरून जाते."

"पूल आहे?"

"वरच्या बाजूला. थोडा लांब पडतो."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही पाण्याबद्दल बोलायचात. पुलाबद्दल विचारलंत कधी?"

ह्यावर त्यांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. कावळा उडाला. ओढ्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी दोन्ही हात माझ्याकडे केले, लग्नाच्या हॉलबाहेर गाड्या लावणारी माणसं करतात तसे. "ये... ये... सावकाश ये. डावीकडे घे. अजून डावीकडे."

मी हा ओढा उजवीकडून ओलांडते. डोळे मिटून ओलांडीन. पण समोर माझा नवरा अनवाणी, पावलांना शेवाळं लावून, माझ्या गाडीसाठी पाण्यात उभा होता. मी बावरलेल्या शिकाऊ बाईसारखं स्टिअरिंग डावीकडे घेतलं. त्यांनी ‘अजून’ म्हटलं, मी अजून घेतलं.

आणि तिथे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घोरपडीचं चाक चिखलात बसलं.

हे आले, वाकून चाक बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे गंभीरपणे बघत म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. ती नळी बसवून घ्यायला हवी होती."